सह्याद्री चढणारी रेल्वे

मुंबईची लोकल एकीकडे कसाऱ्याला थांबते, दुसरीकडे कर्जतला, फार तर खोपोलीला. पुढे सह्याद्री उभा आहे. मुंबईहून थेट देशावर चढायला रेल्वेला दोनच वाटा आहेत. बोरघाटातली १८६३ साली खुली झाली, थळ घाटातली १८६५ साली.

दोन्हीकडे चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हजार टनांच्या गाडीला या चढावर तिचंच वजन सुमारे २७ टनांच्या जोराने मागे खेचत असतं.

म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे रेटा देणारी इंजिनं, लागतात. ही इंजिनं पुढेच का नाही जोडत? सगळी पुढे लावली, तर पूर्ण गाडीचा भार पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर येईल. ते तुटलं की मागचे डबे थेट उताराला लागतील. बँकर मागे असला की ताण वाटला जातो आणि सुटलेल्या डब्यांना आधारही राहतो. वंदे भारतच्या मोटारी गाडीभर विभागलेल्या आहेत, त्यामुळे ती बँकरशिवाय चढते.

उतार मात्र चढापेक्षा धोक्याचा. त्यासाठी घाटात कॅच साइडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारे रूळ. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोड, एरवी त्यांच्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, ब्रेक धरतात हे दिसतं, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. गाडी आवरली नाहीच, तर ती चढाच्या रुळावर जाऊन थांबते. प्रवाशांना हा थांबा उगाच वाटतो. जीव वाचवणारा थांबा आहे तो.

पावसाळ्यात संकट वरून येतं. सैल झालेले दगड शोधून आधीच पाडावे लागतात, कड्यांना जाळ्या ठोकाव्या लागतात. तरीही २०१९ साली बोरघाटात मंकी हिल आणि नागनाथच्या दरम्यान रुळाखालची जमीन वाहून गेली. बोरघाट अडला की लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याण, इगतपुरी, मनमाड, दौंड असा मोठा वळसा घेतात. मुंबई-पुणे गाड्यांना तो परवडत नाही, त्या रद्द होतात.

बोरघाटाच्या दक्षिणेला, पार गोव्याजवळच्या कॅसल रॉकपर्यंत, सह्याद्री ओलांडणारा एकही रेल्वेमार्ग नाही. कोकण रेल्वे धावते ती डोंगराच्या पायथ्याने. कराडहून चिपळूणला, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा माल आजही कुंभार्ली आणि आंबा घाटातून ट्रकनेच उतरतो.