आधी पीळ, मग दारू

[रायफलीच्या नळीचं तोंड, अगदी जवळून.]

ही नळी रिकामी आहे. कॅमेरा आत डोकावण्याआधी गज, म्हणजे ठासायची सळई, तळापर्यंत सोडून तशी खात्री करून घेतली आहे. आता आत बघा. भिंतीवर आटे, म्हणजे कोरलेल्या खाचा, दिसतात. सरळ नाहीत, पीळ घेत खोल उतरत गेलेले. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायची, पहिली रायफल हातात आली की जो तो एकच विचारतो: दारू किती घालायची? मला वाटतं, इथे सुरुवातच उलट्या टोकाने होते. आधी नळीचा पीळ बघायचा. पिळावरून गोळी ठरते आणि गोळीवरून दारू.

आट्याचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, यावर पीळ मोजतात. ६६ इंचांत एक फेरा म्हणजे मंद पीळ; तो गोल गोळीसाठी. २८ इंचांत एक म्हणजे जलद. तो लांबट गोळीसाठी. गोल गोळीला थोडा गरका पुरतो. जलद पिळात तिच्यामागे जास्त दारू लावली तर ती आट्यांची पकड सोडते आणि नेम विखुरतो. लांबट गोळीचं बरोबर उलट. गरका कमी पडला की ती वाटेत डुलू लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, लांबट भोक पाडते. ४८ इंचांत एक फेरा हा मधला मार्ग. त्यात दोन्ही गोळ्या बऱ्यापैकी चालतात. रायफलीच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा सगळ्यात आधी शोधा.

[तळहातावर शिशाची गोळी, शेजारी कापडाची चिंधी.]

ही ०.५० इंची नळीची गोल गोळी. व्यास ०.४९० इंच, वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. शिसं शुद्ध आहे, इतकं मऊ की नखाचा ओरखडा उमटतो. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, आणि उरलेली फट भरायला ही चिंधी: घट्ट विणीचं, वंगण लावलेलं सुती कापड. सुतीच हवं, कारण कृत्रिम धागा वितळून नळीला चिकटतो. गोळी नळीला शिवतसुद्धा नाही. आटे चिंधीला धरतात आणि चिंधी गोळीला फिरवते. अख्ख्या बाराचा नेम या बोटभर कापडावर उभा आहे, आणि नवखे लोक नेमका त्याचाच विचार सर्वांत शेवटी करतात.

आता दारू. काळी दारू म्हणजे सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. तिचा दाणा जितका बारीक तितकी ती भरभर जळते. डब्यावर दाण्याची खूण ‘एफ’ या अक्षराने असते. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. ०.५० इंची रायफलीत साधारणपणे दोन एफ वापरतात, लहान नळ्यांना तीन एफ, आणि चार एफ चकमकीच्या बंदुकीच्या रंजकासाठी, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूसाठी. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारूही मिळते. तीही काळ्या दारूच्या मापानेच मोजायची, तराजूवर नाही, कारण तेवढ्याच मापाची पायरोडेक्स वजनाला हलकी भरते. ट्रिपल सेव्हन नावाची दारू जास्त जोरकस आहे, तिचं माप कमी ठेवावं लागतं.

आणि एक गोष्ट मी सावकाश सांगणार आहे. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू काळ्या दारूसाठी घडवलेल्या ठासणीच्या नळीत कधीही घालायची नाही. चमचाभर नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही. नळी फुटते, आणि त्या वेळी डावा हात नळीखालीच असतो.

मग किती? आकडा सांगण्याआधी एक जुना बार सांगते. १८५७ सालच्या त्या काडतुसाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण चरबीपलीकडे त्या कागदात काय होतं? एन्फिल्डच्या ०.५७७ इंची रायफलीसाठी सुमारे ६८ ग्रेन दारू आणि ५३० ग्रेनची गोळी. शेकडो यार्डांवर मारा करणाऱ्या सैन्याच्या रायफलीला एवढी दारू पुरत होती. म्हणून कुणी नवख्याला पहिल्याच दिवशी १०० ग्रेन ठासायला सांगतं तेव्हा मला राग येतो. एका मर्यादेपुढे वाढवलेली दारू धक्का आणि धूर वाढवते, वेग मात्र थोडाच.

[मापातून दारू नळीत पडते.]

०.५० इंची नळी आणि गोल गोळी असेल तर ५० ग्रेनपासून सुरुवात करा. रायफल बनवणाऱ्याने दिलेला कमाल आकडा ही भिंत. ती ओलांडायची नाही. पाच गोळ्या ५० यार्डांवर, प्रत्येक बारानंतर नळीत ओलसर चिंधी फिरवून. मग ५ ग्रेन वाढवा, पुन्हा पाच. एका वेळी एकच गोष्ट बदला. भोकं जवळजवळ येत जातात आणि एका मापानंतर पुन्हा पांगू लागतात. तिथून एक पायरी मागे या. दारू नेहमी सुट्या मापातून ओता, दारू ठेवायच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीच नाही. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर हातातला सगळा साठा पेटेल.

[गवतात पडलेली जळकी चिंधी. एक हात ती उचलतो.]

आता मला सर्वांत आवडणारा भाग. नळीपुढे काही पावलांवर ही चिंधी पडलेली सापडते. उलगडून बघा. मधोमध काळपट गोल, भोवती आट्यांचे ठसे, कडा थोड्या विसविशीत: बार जमला. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा दारू जास्त. कापल्यासारखी सरळ चीर असेल तर आट्यांची धार किंवा नळीच्या तोंडाची कड तपासा. महागडं यंत्र सांगेल त्याहून जास्त ही चिंधी सांगते.

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून बार ठीक बसला की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा. खूण वर राहिली तर गोळी अर्ध्यात अडकली आहे किंवा आत आधीचा बार तसाच आहे. १८६३ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या कित्येक बंदुकांत एकावर एक ठासलेले बार निघाले होते. घाबरलेल्या माणसाचा हात मोजत नाही. खूण मोजते.

[बादलीत नळीचं टोक, वाफा.]

काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन मागे राहतो. ते हवेतली ओल ओढतात आणि पोलाद खातात, म्हणून साफसफाई त्याच दिवशी करायची. गरम पाणी आणि साबण पुरे. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, कुजक्या अंड्याच्या वासाचं. मग करडं, मग स्वच्छ. नळी कोरडी झाली की आतून तेलाचा हात. पुढच्या वेळी बार भरण्याआधी हे तेल आठवणीने पुसून काढा, नाहीतर तळाची दारू भिजते आणि केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, नुसतीच फुटते.