पावसाचा थेंब लागत का नाही?

ढग दोन किलोमीटर उंचीवर आहे असं धरू. तिथून सुटलेला थेंब पुस्तकातल्या सूत्रानं, म्हणजे 'हवेचा रोध नगण्य मानून', जमिनीवर किती वेगानं यावा? सेकंदाला जवळपास 200 मीटर. ताशी 700 किलोमीटरच्या वर! असा पाऊस पडला असता तर छत्रीची चाळण झाली असती. प्रत्यक्षात पाच मिलिमीटरचा टपोरा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपासच येतो. 'नगण्य' म्हणून आपण जे बाजूला सारलं, तेच आपल्याला वाचवतं.

आता या टेबलावर बघा. उंच काचेच्या बरणीत एरंडेल तेल आहे आणि माझ्या हातात सायकलच्या बेअरिंगचा दोन मिलिमीटरचा छर्रा. हा सोडला. मागच्या रांगेतल्यांनी उभं राहून बघा, हरकत नाही. सुरुवातीचा क्षण सोडला तर तो एकाच चालीनं उतरतोय. वरच्या पट्टीपासून मधल्या पट्टीपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच मधल्यापासून खालच्या पट्टीपर्यंत.

या छऱ्यावर एकूण बल किती आहे? दरवर्षी मी हे विचारतो आणि दरवर्षी बहुतेक हात 'खालच्या दिशेनं' या उत्तराला वर होतात. खाली जातोय ना, मग बल खालीच असणार! नाही. वजन खाली ओढतंय, तेलाचं उत्प्लावक बल आणि रोध मिळून वर ढकलतायत, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्यात. एकूण बल शून्य. तरी छर्रा चालतोय. बल शून्य झालं की वेग शून्य होत नाही, वेग बदलायचा थांबतो. न्यूटननं 1687 साली हेच छापलं. पहिला नियम आपण सगळे पाठ म्हणतो. मला तो खरा कळला तो असा छर्रा बघताना.

याला अंत्य वेग म्हणतात, तुमच्या कॉलेजच्या भाषेत टर्मिनल व्हेलॉसिटी. रोध वेगाबरोबर वाढतो, वजन आहे तेवढंच राहतं, म्हणून कधीतरी तो वजनाला गाठतोच.

आता चार मिलिमीटरचा छर्रा. दुप्पट जाड, पण गेला बघा, साधारण चौपट वेगानं. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. अशा घट्ट द्रवात, त्याच वेगाला रोध मात्र दुप्पटच होतो. स्टोक्सनं 1851 मध्ये मांडलेलं गणित ते हेच.

हेच गणित उलट्या बाजूनं लहान थेंबांकडे न्या. ढगातला थेंब साधारण 0.02 मिलिमीटरचा. त्याचा अंत्य वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंगीच्या चालीनं! ढगात टनावारी पाणी असतं, ते खाली का येत नाही, असं मुलं विचारतात. ते येतच असतं, पण वर चढणारी हवा त्याहून वेगवान असते. दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, तेव्हा कुठे तो हवेला न जुमानता खाली निघतो. मोठ्या थेंबाला हे स्टोक्सचं सूत्र चालत नाही, तिथे रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. आणि चित्रात काढतात तसा तो टोकदारही नसतो. खालून चपटा, वरून फुगीर, बनपावासारखा असतो.

पावसाळ्यात नाणेघाटात गेलात तर तिथला उलटा धबधबा जरूर बघा. कोकणातून आलेला वारा कड्याला आपटून वर चढतो आणि कड्यावरून पडणाऱ्या धारेचे तुषार होतात. ज्या तुषारांचा अंत्य वेग त्या वर चढणाऱ्या वाऱ्यापेक्षा कमी, ते परत पठारावर येऊन आपल्याला भिजवतात. जाड थेंब खाली दरीत जातात. एकाच धारेतलं पाणी, थेंबाच्या आकारानं दोन वाटांना लागलेलं.