चाक फिरवून बघा, मगच एलएसडी म्हणा

नमस्कार श्रोतेहो. आज जरा गाडीच्या पोटाखाली शिरायचंय. मागच्या ॲक्सलच्या मधोमध तो भोपळ्याएवढा गोळा दिसतो ना, त्याच्याबद्दल बोलणार आहे. डिफरन्शियल. गॅरेजात आम्ही नुसतं डिफ म्हणतो.

झालं असं की गेल्या जुलैत पाटणकडचा एक तरुण मुलगा आमच्या गॅरेजवर गाडी घेऊन आला. जुनी एसयूव्ही, मागच्या चाकांवर चालणारी, दोनच महिने झाले होते सेकंडहँड घेऊन. विकणाऱ्याने सांगितलेलं की हिला एलएसडी आहे, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, कुठल्याबी चिखलात घाला अडकायची नाही, आणि त्या एका शब्दापायी ह्याने चार पैसे जास्त मोजलेले. मग शेताच्या बांधावरनं उतरताना डावं मागचं चाक चिखलात गेलं, उजवं चांगलं घट्ट मुरमावर होतं, तरी गाडी जागची हलेना. डावं चाक गरगर गरगर, उजवं ढिम्म. शेवटी चुलत्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. मला म्हणाला, दादा, फसवलं हो मला. मी म्हटलं थांब, आधी बघू तरी, फसवलंय का नाही ते चाक सांगेल.

आता चाक काय सांगतं ते कळायला डिफ मुळात कशाला असतं हे माहीत पाहिजे. ज्यांनी जुनी खळी बघितलीयत त्यांना पटकन कळेल. मधे तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात जुंपलेली. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात लांबच्या लांब फेरा मारावा लागतो, म्हणून तर म्हातारा बैल आत आणि तरणा बाहेर जुंपायचे. गाडी वळताना चाकांचं तेच होतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा, काटकोनात एक वळण घेतलं की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण २.३५ मीटर जास्त चालतं, आणि पूर्ण गोल चक्कर मारली तर हा फरक साडेनऊ मीटरच्या जवळ जातो. आणि चक्कर लहान असो नाहीतर मोठी, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अंगणात खडूने दोन गोल काढून दोरीने मोजून बघितलं होतं.

दोन्ही चाकं एकाच सळईला पक्की बांधली तर प्रत्येक वळणावर एक चाक घासटत जाणार. म्हणून मधे हे डिफ. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेक्योर नावाचा घड्याळजी होता, त्याने वाफेच्या गाडीसाठी १८२७ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं, आणि आज तुमच्या दारातल्या गाडीत जे ओपन डिफ, म्हणजे लॉक-बिक नसलेलं साधं डिफ आहे, त्याचं तत्त्व तेच आहे.

ओपन डिफबद्दल एक समजूत सगळीकडे ऐकू येते, की चिखलातलं चाक सगळी ताकद खाऊन टाकतं. तसं नाहीये ते. ओपन डिफ दोन्ही चाकांना पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, कायम सारखाच देतं, वेग मात्र ज्याला जेवढा हवा तेवढा घेऊ देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला नखभर जोर लागतो, त्यामुळे दुसऱ्या चाकालाही नखभरच जोर मिळतो, आणि नखभर जोराने दीड-दोन टनाची गाडी हलत नसते. तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा, चिखलातलं चाक नुसतं जास्त जोरात फिरणार आणि आणखी खोल जाणार. म्हणून म्हणतो, चाक फिरायला लागलं की पाय काढा.

शेतकरी मंडळींना ह्याच्यावरचा इलाज माहितीये. ट्रॅक्टरला टाचेजवळ डिफ लॉकचं पेडल असतं, चिखलणीत एक चाक फिरायला लागलं की ते दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात, निघालं की सोडायचं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे असे लॉक येतात, ड्रायव्हरने स्वतः लावायचे. पण लॉक लावून कडक रस्त्यावर वळायला गेलात की गाडी वळायला तयार होत नाही, टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो. ह्या दोन टोकांच्या मधली गोष्ट म्हणजे एलएसडी. साध्या वळणावर चाकांना वेगवेगळं फिरू देतं, पण एक चाक फारच पळायला लागलं की त्याला धरून ठेवतं. जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या रेसिंग गाड्यांत ताकद एवढी होती की एक मागचं चाक नुसतं फिरत राहायचं, त्यावर इलाज म्हणून त्या गाडीचा आराखडा करणाऱ्या फर्डिनांड पोर्शेंनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून असं डिफ करून घेतलं. आपल्याकडे टाटांच्या सफारी स्टॉर्मला मागे एलएसडी यायचं.

आता परीक्षा. मुलाची गाडी आम्ही सपाट फरशीवर घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो सोडायचाय. मग मागची दोन्ही चाकं उचलली आणि ॲक्सलखाली दोन स्टँड दिले, आम्ही त्याला घोडी म्हणतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, कितीही घाई असू द्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, फोर बाय फोर असेल तर टू व्हीलवर. आता एक चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्याकडे बघा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर ओपन. त्याच दिशेने फिरलं तर आत क्लचच्या प्लेटा, म्हणजे एकमेकींवर घासून चाकांना धरून ठेवणाऱ्या चकत्या, असलेलं एलएसडी आहे, किंवा पक्कं लॉक आहे.

न्यूट्रलला कधी कधी दुसरं चाक हलतच नाही, नुसता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफकडे येणारा लांब दांडा, फिरतो. लोक तिथे गोंधळतात. बहुतेक वेळा दुसऱ्या चाकाचा ब्रेक जरा घासत असतो, बाकी काही नाही. मग गाडी पहिल्या गिअरला टाका, इंजिन बंदच, आणि परत फिरवा. शाफ्ट अडकलेला असल्यामुळे ओपन डिफमध्ये दुसऱ्या चाकाला उलटं फिरावंच लागतं. क्लचवालं चांगलं एलएसडी असेल तर चाक हाताने हलता हलत नाही, पान्याची दांडी लावून जोर करावा लागतो.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. ही परीक्षा हातानेच करायची, इंजिन चालू करून नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा एका गॅरेजात माझ्या डोळ्यांसमोर झालंय. एकच मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, आणि मिस्त्रीने इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला, आवाज ऐकायचा होता त्याला. ओपन डिफ असतं तर वरचं चाक नुसतं फिरलं असतं. पण त्या गाडीला एलएसडी होतं, त्याने जमिनीवरच्या चाकालाही जोर दिला आणि गाडी जॅकवरून उडी मारून समोरच्या बाकावर गेली. बाक मोडला, पान्यांचा डबा चेपला. त्या बाकावर दहा मिनिटांपूर्वी मी जेवत होतो. तेव्हापासून चाक वर असताना मी चावी खिशात ठेवतो.

तर मुलाची गाडी. मी डावं चाक फिरवलं आणि उजवं आरामात उलटं फिरलं, लोण्यासारखं. मुलगा म्हणाला, बघा, ओपनच आहे. मी म्हटलं अजून नाही.

कारण ही परीक्षा दोन-तीन ठिकाणी चकवते. टॉर्सनसारखे नुसत्या गिअरांचे एलएसडी असतात, त्यात प्लेटा नसतात. दोन्ही चाकं अधांतरी असली की ते ओपनसारखंच उलटं फिरतं. त्याचं काम गुणाकाराचं आहे, समजा तीनपट, म्हणजे सटकणाऱ्या चाकाला जेवढा आधार त्याच्या तिप्पट जोर दुसऱ्याला. पण अधांतरी चाकाला आधार शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. असलं डिफ असलेली गाडी एक चाक हवेत जाऊन अडकली तर हँडब्रेक हलकासा ओढून हळू ॲक्सिलरेटर देतात, त्या ब्रेकचा जो आधार मिळतो त्याचा गुणाकार होतो आणि गाडी निघते.

दुसरं, आपोआप लॉक होणारं डिफ. नाशकात बनणारी थार २०२० साली नव्या रूपात आली, तिच्या वरच्या मॉडेलांना मागे हे मिळालं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि दोन्ही चाकं एक होतात. हे हाताने हळू फिरवलंत तर बिनदिक्कत ओपनसारखं फिरणार. त्याला रस्त्यावरच बघावं लागतं. एक चाक ओल्या गवतावर, एक कोरड्या डांबरावर, पहिला गिअर, चाक क्षणभर फिरतं आणि खट्कन आवाज येऊन गाडी पुढे सरकते. त्या वेळी कुणाला तरी बाजूला लांब उभं करून मोबाईलवर शूट करायला सांगा, आत बसून काही कळत नाही.

आणि तिसरं, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, ते म्हणजे ब्रेकवालं. जिम्नीच्या माहितीपत्रकात ब्रेक एलएसडी लिहिलेलं असतं, थारमध्येही ब्रेकने लॉक करायची सोय आहे. ह्यात डिफ आतून ओपनच असतं, फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो आणि त्यामुळे दुसऱ्याला जोर मिळतो. काम करतं, चांगलं करतं, पण गाडी उचलून चाक फिरवलं तर उलटंच फिरणार, कारण इंजिन बंद असताना ब्रेक लावणारं कुणी नाही. तेव्हा लगेच शोरूमवाल्याशी भांडायला जाऊ नका, आणि जुनी गाडी घेताना नुसतं एलएसडी ऐकून भुलूही नका, आत प्लेटा, गिअर का ब्रेक हे विचारा.

मुलाच्या गाडीला तसला कॉम्प्युटर नव्हताच. मी टॉर्च घेऊन खाली गेलो आणि डिफच्या हाउसिंगवरचा वाळलेला चिखल पत्र्याने खरवडला. फिलर प्लगच्या, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाच्या, बोल्टखाली पत्र्याची एक छोटी पट्टी निघाली, नखाएवढी अक्षरं, फक्त एलएसडी ऑइल वापरा. म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता. मग मुलाला विचारलं, घट्ट वळण घेताना मागून कडकड असा आवाज, थरथर? म्हणाला, आधी यायची, पार्किंगमधून काढताना, हल्ली बंद झाली, मला वाटलं आपोआप सुटली.

तिथेच मला उत्तर मिळालं. प्लेटवाल्या एलएसडीला साधं नव्वद नंबर ऑइल टाकून भागत नाही, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांचं घासणं बेताचं ठेवणारं औषध, लागतं, नाहीतर प्लेटा सरकायच्या ऐवजी अडकत-सुटत राहतात आणि ती कडकड येते. तिकडे दुर्लक्ष केलं की प्लेटा झिजत जातात, आणि पार झिजल्या की आवाजही जातो, कारण धरायलाच काही उरत नाही. तोवर एलएसडीचं ओपन होऊन बसलेलं असतं.

कव्हर उघडलं. ऑइल काळं, जळका वास. प्लेटा काढून फडक्याने पुसल्या तर काचेसारख्या गुळगुळीत, उजेडात धरल्या की चेहरा दिसेल अशा, एक तर कडेला निळी पडलेली. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, सगळ्या मापाच्या खाली. मुलगा बराच वेळ ती निळी प्लेट हातात घेऊन बसला होता.

नव्या प्लेटा यायला बारा दिवस लागले. बसवायच्या आधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवायच्या नसतात. शिम, म्हणजे फट नीट करायच्या पातळ चकत्या, बघून जोडणी केली, मॉडिफायर घातलेलं ऑइल भरलं, आणि मग बाजारसमितीच्या मोकळ्या पटांगणात हळूहळू इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी फिरवली, डावीकडे, उजवीकडे, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मधे शिरतं. कडकड नाही, थरथर नाही.

परत आणून घोडीवर चढवली, न्यूट्रल, हँडब्रेक सोडला, चावी माझ्या खिशात. मुलाला म्हटलं, आता तू फिरव. त्याने दोन्ही हातांनी डावं चाक धरलं, पहिल्यांदा हललंच नाही, मग पाय रोवून जोर लावला, आणि पलीकडचं उजवं चाक त्याच दिशेने, त्याच्या बरोबरीने फिरलं.