ताटी आणि तुळस

[दृश्य : पहाटेचा अंधार. पत्र्याच्या शेडखाली एक बल्ब. फक्त दोन हात दिसतात, सुतळी ओढताना.]

पहाटेचे साडेपाच. मागच्या गल्लीतलं एक म्हातारं माणूस रात्री गेलं. त्या घरून निरोप आला तो थेट माझ्या काकांकडे. भटजीला फोन नंतर गेला, पाहुण्यांनाही नंतरच.

काका बांबू घेऊन निघाले. आधी दोन लांब बांबू, त्यावर आडव्या कामट्या, प्रत्येक गाठ दोनदा. वर कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या. पुस्तकात तिरडी म्हणतात, आमच्याकडं ताटी. त्या घरच्यांना विचारून आम्ही हे चित्रण केलंय, आणि हातांपलीकडं काही दाखवणार नाही.

लिंगायताचं घर असलं तर माणसाला बसवून न्यायचं असतं, त्याची बांधणी वेगळी. मुसलमानाच्या घरी काका कबर खोदायला उभे राहतात. कुणाकडं काय लागतं, किती हात खड्डा, कापड किती, सगळं त्यांना पाठ. अन् एवढं सगळं करून मंत्र सुरू झाले, दुवा सुरू झाली, की ते बाजूला जाऊन लिंबाखाली उभे राहतात. हात जोडत नाहीत. गेली तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कुठल्याच देवापुढं हात जोडलेले नाहीत.

[दृश्य : जुनं गावठाण. वेड्या बाभळी, मधूनच डोकावणारा जोत्याचा दगड.]

हे आमचं जुनं गाव. किल्लारीपासून थोड्याच अंतरावर.

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक चालली होती. गणपती विहिरीत सोडून लोक घरी आले, लेकरं गुलालानं माखलेली तशीच झोपली. तीस तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. जेमतेम मिनिटभर. आमच्याकडची घरं म्हणजे दगड आणि मातीच्या दोन-अडीच हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार लागायची. त्या पहाटे त्याच भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं पार जमीनदोस्त झाली. हजारो माणसं झोपेतच गेली.

मी तेव्हा सात वर्षांचा. आईबरोबर आजोळी होतो, म्हणून हे निवेदन वाचतोय. माझी दोन चुलत भावंडं त्या घरात होती. काका आणि काकूंना लोकांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. लेकरं गेली होती. केसांत गुलाल तसाच होता, असं काकू सांगते. तीस वर्षांत तिनं हे माझ्यापुढं दोनदाच सांगितलंय, आणि दोन्ही वेळा मी पुढचं विचारलं नाही.

त्यानंतर पाऊस लागला. चितेला लाकूड पुरेना, म्हणून पडक्या घरांचे वासे, चौकटी, दारं सरणावर गेली.

काका महिनाभरानं दवाखान्यातून आले. तोवर सरकारनं पत्र्याची घरं दिली होती. एका कोनाड्यात काकूनं ढिगाऱ्यातून सापडलेला देवाचा पितळी टाक ठेवला होता. काका म्हणाले, तो तरी कशाला ठेवलास? त्या दिवसापासून ते त्या कोनाड्याकडं पाठ करून जेवतात.

आणि काकू त्याच वर्षापासून पंढरीची वारी करू लागली. त्याआधी ती कधी गेली नव्हती. तेच घर, तीच रात्र, तीच दोन लेकरं. एकाचा देव गेला, एकीला मिळाला.

[दृश्य : दुपार. काकू चुलीपुढं, भाकरी थापताना. आवाज फक्त भाकरीचा.]

मी तिला कॅमेऱ्यासमोर विचारलं. विचारताना माझा घसा दाटला होता, तो भाग आम्ही कापला नाही. काकू, ज्या देवानं लेकरं नेली त्याच्याच दारात कशी जातेस?

ती म्हणाली, "देवानं न्हाई मारलं रं बाबा. दगडानं मारलं. अन् दगड आपल्याच वाडवडलांनी रचले हुते."

भूगर्भशास्त्राची पुस्तकं आणि अभियंत्यांचे अहवाल वेगळ्या भाषेत तेच म्हणतात. चुनाही नसलेल्या भिंतींवर तेवढं जड छत असेल, तर मध्यम ताकदीचा भूकंपही गाव संपवतो. शाळेची पायरी न चढलेल्या काकूनं तिच्या देवाला त्या हिशेबातून सोडवून घेतलं. मग उरलं काय? ती म्हणते, सकाळी उठायला कुणीतरी हाक मारणारं लागतं.

काकांनाही विचारलं. देव नाही, पाप नाही, पुण्य नाही, वर कुणी लिहून ठेवणारा नाही. मग रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या मयताला कशाला धावता?

बराच वेळ ते सुतळीचा गुंडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी मी शुद्धीवर नव्हतो. माझ्या लेकरायला कुणी उचललं, कुणी लाकडं रचली, मला ठाव न्हाई. नाव न्हाई, गाव न्हाई, जात न्हाई. मंग फेडू कुणाचं? ज्याच्या घरी मयत हुईल त्याचं."

आम्ही ही चित्रफीत करायला घेतली ती या एका वाक्यासाठी.

[दृश्य : नळदुर्गचा रस्ता, लांबून किल्ला.]

त्या दिवसांत मदतीला कोण कोण आलं ते आठवावं. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्तांची बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या समाजवादी मंडळींनी, पन्नालाल सुराणा त्यात पुढं, अनाथ झालेल्या लेकरांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. एका संघटनेच्या नावातच धर्म आहे, दुसऱ्या घराचा पाया समाजवादी विचाराचा. ज्या पोराला ताटात जेवण मिळालं, त्याला हा फरक तेव्हा दिसला नसेल.

तरी गावोगाव एक वाक्य ऐकू येतंच : देवाची भीती आहे म्हणून माणूस सरळ चालतो, नाहीतर एकमेकांना खाल्लं असतं. हे म्हणणारी माणसं वाईट नसतात, उलट बहुतेक वेळा सरळमार्गी असतात. पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते याच मातीतून सांगता येतं.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. जाळायला जे गेले त्यांच्या घरांत देव्हारे होते. श्रावण पाळणारी, एकादशी धरणारी घरं होती ती. देवाची भीती त्या रात्री कुठं होती? त्याआधी शेकडो वर्षं एका विहिरीवर एकाला पाणी आणि दुसऱ्याला मज्जाव, हेसुद्धा देवाच्याच नावानं चालत आलं होतं. उलट बाजूही सांगितली पाहिजे. देव नाकारणाऱ्या सत्तांनी, स्टॅलिनच्या रशियात, लाखो माणसं मारली. देव काढून टाकला की माणूस आपोआप चांगला होतो, असंही कुठं दिसलेलं नाही.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सॉक्रेटिसनं एक प्रश्न टाकला होता. आपल्या भाषेत तो असा होईल : देवाला आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देवाला आवडते? दुसरं खरं असेल, तर चांगलं काय ते देवाच्या आधीच ठरलेलं आहे. मी हा प्रश्न काकूला सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "चांगलंच हाय म्हणून तर आवडतं की." एवढं सांगून ती भाकरी उलटायला वळली.

[दृश्य : नांदेड. गोदावरीचा घाट, नंतर पीपल्स कॉलेजची इमारत.]

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात मला सर्वात जास्त धीर देणारी गोष्ट या कॉलेजात आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. निजामाच्या राजवटीविरुद्ध जो मुक्तिसंग्राम झाला, त्याचं नेतृत्व या भगव्या कपड्यातल्या माणसानं केलं. आणि त्यांचा सर्वात विश्वासू सहकारी कोण, तर मार्क्सवादी विचारांचे गोविंदभाई श्रॉफ. एकाचा आधार वेदान्त, दुसऱ्याचा वर्गलढा. लाठी, तुरुंग, भूमिगत दिवस, सगळं या दोघांनी बरोबर काढलं, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपेपर्यंत आणि त्यानंतरही.

स्वामीजींच्या पुढाकारानं १९५० साली नांदेडला हे कॉलेज निघालं. आणि पुढं या कॉलेजचे प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर, स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणारे. संन्याशानं उभ्या केलेल्या संस्थेत नास्तिक प्राचार्य, आणि गावाला त्यात काही खटकलं नाही. लोक त्यांना 'गुरुजी' म्हणत, आजही म्हणतात. १९८२ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. देव न मानणारा हा माणूस संतांवर बोलायला उभा राहिला की टाळकरीसुद्धा मन लावून ऐकत.

स्वामीजींकडं श्रद्धा होती, गुरुजींकडं नव्हती. दोघांच्या चारित्र्याकडं बोट दाखवणारा माणूस मला अजून भेटला नाही.

देशाच्या पातळीवरही हा प्रश्न एकदा मताला टाकला गेलाय. १७ ऑक्टोबर १९४९. घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८. विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते. त्यांचं म्हणणं, श्रद्धा ज्याची त्याची, ती कुणावर लादायची कशी? म्हणून आज आमदार-खासदाराला शपथ घेताना दोन वाटा आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. शब्द कुठलेही असोत, जबाबदारी तेवढीच.

[दृश्य : वेरूळ. लेण्यांची रांग, ऊन कलतं.]

आणि खूप मागं जायचं तर हा डोंगर आहेच. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध. बुद्धानं विश्वाचा निर्माता कोण हा प्रश्न बाजूला ठेवला आणि पंचशील दिलं. इथून तासाभराच्या वाटेवर, तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, त्याला पुढं 'मिलिंद' हे नाव मिळालं. बाबासाहेबांचं मत नीट समजून घ्यायला हवं. धम्मात देव नाही, देवाची जागा नीतीनं घेतलीय, असं ते सांगत. पण माणसाला धम्मच नको, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. एकटा माणूस घरी बसून नीती पाळेल, एवढ्यावर ते थांबले नाहीत. विहार हवा, संघ हवा, एकत्र बसणं हवं.

इथं मला काकांची काळजी वाटते.

[दृश्य : संध्याकाळ. देवळात हरिपाठ सुरू आहे. पलीकडं पारावर काका एकटे.]

काकू संध्याकाळी देवळात जाते. पंधरा-वीस बायका, एक वीणा, दोन टाळ. त्यातल्या निम्म्या त्याच रात्रीच्या आहेत. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं लेकरू. हरिपाठ संपला की अर्धा तास नुसत्या बोलतात. वारीच्या वाटेवर एकमेकींचे पाय चेपतात. त्यांना हे सगळं श्रद्धेनं दिलंय, आणि ते लहान नाही.

काकांना असं काही नाही. मयत असलं तरच त्यांना हाक येते. एरवी त्यांची संध्याकाळ रिकामी. चांगलं वागायला देव लागत नाही, हे काकांनी माझ्यापुरतं सिद्ध केलंय. पण दुःख घेऊन रोज जाऊन बसायला जागा लागते, आणि देव न मानणाऱ्या आम्हा लोकांनी गावात अशा जागा फार थोड्या केल्या. मीही देव मानत नाही, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे. कॉलेजात असताना मी एका सुट्टीत काकूशी वाद घालून तिला रडवलं होतं. तिच्याकडून विठ्ठल काढून घ्यायला निघालो होतो, आणि त्या जागी ठेवायला माझ्या हातात काही नव्हतं. त्या दुपारी काका मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, परत असं बोललास तर या घरात येऊ नको.

दरवर्षी आषाढात काकूची पिशवी काकाच भरतात. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, प्लास्टिकचा कागद, पायाला लावायचं तेल. मोटारसायकलवर तिला दिंडीपर्यंत सोडतात आणि वीणेकडं न बघता माघारी फिरतात.

[दृश्य : घरात, टेबलावर एक अर्ज. काकूचा अंगठा आणि शाईची डबी.]

मागच्या उन्हाळ्यात काकांनी देहदानाचा अर्ज आणला. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला. ताटी नको, दहावा नको, तेरावा नको. शिकणाऱ्या पोरांच्या उपयोगी पडू दे, म्हणाले. अर्जावर जवळच्या नातेवाइकाची संमती लागते.

काकू तीन आठवडे त्या कागदाला शिवली नाही. "तुम्ही सांगून मोकळे. मागं ऱ्हाणार मी," एवढंच म्हणायची. चौथ्या आठवड्यात, वारीला निघायच्या आदल्या रात्री, तिनं शाईची डबी मागितली. अंगठा उमटवला. मग म्हणाली, "गाडी येईस्तवर तोंडात तुळशीचं पान ठिवणार मी. तुम्ही नको म्हणू नका."

काका सुतळी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं.

"ठिव," म्हणाले. "ताजं ठिव."