अंगठ्याचं मूळ दुखतं तेव्हा

(दृश्य: शिवणयंत्राशेजारी बसून हुक लावणारे हात.)

ब्लाऊजला हुक लावायचे, म्हणजे सुई चिमटीत घट्ट धरून जाड पट्टीतून ओढायची. या ताई पस्तिशीतल्या, रोजचं काम हेच. अलीकडे सुई ओढताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, कळ निघते. किल्ली फिरवताना, धुणं पिळताना तीच कळ. घरचे म्हणतात, "या वयात कसला संधिवात? मोबाईल कमी कर."

(दृश्य: हाताचा एक्स-रे.)

दुखतोय तो हा, अंगठ्याच्या मुळाचा सांधा. दोन खोगिरं एकमेकांवर आडवी ठेवावीत, तशी इथली हाडं बसलेली असतात. त्यामुळे अंगठा करंगळीपर्यंत पोचतो. पण चिमटीत १ किलोचा जोर लावला, की या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार पडतो. कुणाचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, जन्मतःच सैल असतात, कुणाचं हाड पूर्वी सांध्यातच मोडलेलं असतं. अशा हातांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, तरुणपणीच झिजू लागते. हाच इथला संधिवात.

(दृश्य: तपासणी.)

डॉक्टर अंगठ्याचं हाड सांध्यात दाबून हळूच गोल फिरवतात. करकर लागली आणि कळ आली, की निदानाची दिशा मिळते.

सुरुवात साधीच. मुळाचा सांधा आवरणारा आणि अंगठ्याचं टोक मोकळं ठेवणारा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा पट्टा. तर्जनीला रबरबँड लावून ती अंगठ्याकडे ओढायचा व्यायाम. त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू बळावला की सांधा जागेवर राहायला मदत होते. कात्रीची मूठ जाड करायची. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम पडतो, पण ते पुन्हापुन्हा घेत राहणं बरं नव्हे.

एवढ्याने भागलं नाही तर? वयस्कर रुग्णांत सांध्याखालचं छोटं हाड काढून टाकतात. वेदना बहुधा जाते. तरुण, कष्टाच्या हाताबाबत मात्र ही घाई नको. एकदा काढलेलं हाड परत बसवता येत नाही, आणि पुढे कित्येक वर्षं त्या चिमटीवर पोट भरायचं असतं.

कूर्चा शाबूत असेल, तर सांधा वाचवता येतो. १९७३ साली ईटन आणि लिटलर या सर्जननी मनगटाच्या स्नायुबंधाची पट्टी घेऊन सैल लिगामेंट नव्याने बांधायची पद्धत मांडली. त्याच वर्षी विल्सन या सर्जननी अंगठ्याच्या हाडातून पाचर काढून भाराची दिशा बदलण्याची शस्त्रक्रिया सांगितली.

सांधा पुरता झिजला असेल आणि काम अवजड असेल, तर त्याची दोन्ही हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकतात. पकड भक्कम होते, पण तळहात पूर्ण सपाट टेकत नाही. हाताने भाकरी थापणाऱ्या बाईला हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.