आज काय?

श्रोते हो, नमस्कार.

2023 सालचा नाताळ आठवून बघा. 25 डिसेंबरला मुंबई बंदराबाहेर एक टँकर येऊन नांगरला. नाव केम प्लूटो. दोन दिवसांपूर्वी भर अरबी समुद्रात, आपल्या किनाऱ्यापासून दोनशेहून जास्त सागरी मैलांवर, त्याच्यावर ड्रोन येऊन आदळलं होतं. तटरक्षक दलाची 'विक्रम' नौका त्याला सोबत करत मुंबईपर्यंत घेऊन आली. इथे पोचल्यावर नौदलाच्या स्फोटकांच्या जाणकारांनी आधी त्याची तपासणी केली, मग पुढची कामं. जहाज व्यापाराचं, लढाई दुसऱ्याच कुणाची, आणि धसका घेतला आपल्या खलाशांच्या घरांनी.

मी गोदीत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी सुरक्षा विभागात. तेव्हा आज बोलायचं आहे ते याच विषयावर. लढाई सुरू झाली की बंदराचे आणि व्यापारी जहाजांचे नियम कसे बदलतात, आणि का बदलतात.

जहाज बंदरात येतं ते वाटेल तिथून नाही. लढाईच्या दिवसांत तर मुळीच नाही. बाहेर ठरलेल्या जागी थांबायचं, ओळख पटवायची, आणि सुरुंग काढून साफ केलेल्या वाटेनेच आत यायचं. हे सुरुंगाचं प्रकरण आपल्या दारात घडलेलं आहे बरं का. पहिल्या महायुद्धात 'वुल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईच्या बाहेर गुपचूप सुरुंग पेरले होते, आणि 23 जून 1917 ला 'मंगोलिया' नावाची मोठी आगबोट त्यातल्याच एका सुरुंगाने बुडाली. रणगाडा नाही, तोफ नाही, समोर शत्रू नाही. पाण्याखाली नुसता एक लोखंडी गोळा.

रात्री दिवे झाकायचे. डेकवर काडी ओढायची नाही, काळोखात ती फार लांबून दिसते. दिवसाउजेडी केरकचरा समुद्रात टाकायचा नाही, कारण तो तरंगत राहतो आणि पाणबुडीला माग लागतो. बिनतारी यंत्र बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तोंड बंद. कोणतं जहाज आलं, कधी निघालं, कुठे चाललं, ते बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही.

या शेवटच्या नियमापाशी मला जरा थांबायचं आहे.

साल 1944. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, गोदीत टॅली क्लार्क होते. टॅली क्लार्क म्हणजे जहाजातून उतरणाऱ्या मालाच्या खुणा वहीत करणारा माणूस. वय बावीस. आई नुकतीच लग्न होऊन रत्नागिरीहून मुंबईला आलेली. बिऱ्हाड डॉकयार्ड रोडच्या मागे एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवरून जहाजांच्या डोलकाठ्या दिसायच्या.

12 एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबर धक्क्याला एक जहाज लागलं. फोर्ट स्टिकिन. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे आलेलं. त्याच्या पोटात जवळजवळ 1400 टन दारूगोळा होता. विमानं होती, सोनं होतं. आणि कराचीला त्याच पोटात भरला होता कापूस, हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, एकाच हॅचमध्ये, म्हणजे मालाच्या एकाच कप्प्यात. श्रोते हो, ज्याने घरात कधी चूल पेटवली आहे त्याला याच्यापुढे काही समजावून सांगायला नको.

आता नियम काय होता? शांततेच्या काळात स्फोटकांचं जहाज गोदीच्या आत घेतच नसत. ते बाहेर पाण्यात नांगरायचं आणि माल पडावांमध्ये उतरवून घ्यायचा. लढाईच्या घाईत हा नियम सैल झाला. दुसरा नियम लाल बावट्याचा. जहाजात स्फोटकं असली की डोलकाठीवर लाल बावटा चढतो. बावटा दिसला की धक्क्यावरचा मुकादम ओरडायचा, "विड्या विझवा रे!" आणि मग आगपेटी खिशातूनसुद्धा बाहेर निघत नसे. फोर्ट स्टिकिनवर लाल बावटा चढलाच नाही.

भाऊंची पाळी त्या जहाजावर नव्हती. पण टॅली क्लार्कांच्या खोलीत गुरुवारीच कुजबुज झाली होती, की एक नंबरवरच्यात 'ते' आहे. भाऊ घरी आले, जेवले, झोपले. आईला एक अक्षर बोलले नाहीत. मनाई होती ना.

14 एप्रिल, शुक्रवार. भाऊ सकाळी अलेक्झांड्रा गोदीत कामाला गेले, आज आपण तिला इंदिरा गोदी म्हणतो. आई शेजारणींबरोबर गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घालत होती. एप्रिलचं ऊन म्हणजे पापडाचं ऊन. जुनं धोतर अंथरलं होतं, चार कोपऱ्यांवर चार वरवंटे, आणि कावळे हाकायला हातात वेताची काठी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आसपासच त्या जहाजातून धूर निघताना काही जणांच्या नजरेस पडला होता. पण आरडाओरड झाली ती पावणेदोनच्या सुमारास. मग बंब आले. दोन नंबरच्या हॅचमध्ये पाणी, पाणी आणि पाणी. 900 टनांवर पाणी ओतलं. धुरामुळे आग नक्की कुठे आहे तेच सापडेना. जहाजाच्या अंगावरचा रंग तापून फुगायला लागला, आतलं पाणी उकळायला लागलं. जहाज बाहेर न्यायचं, की तिथेच बुडवायचं, याचा निर्णय होईना. आणि बंबवाले डेकवर उभे. ते हलले नाहीत.

आईला गच्चीवरून धूर दिसत होता. तिला वाटलं, कापूस पेटला असेल. गोदीत कापूस पेटायचा अधूनमधून, त्याचं कुणाला नवल नव्हतं. ती पापड उलटत बसली.

चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं.

आई सांगायची, आवाज आधी पायांना कळला, कानांना मागाहून. गच्ची हलली. मग खालच्या मजल्यांवरच्या काचा फुटण्याचा आवाज, एकामागून एक, भांडी सांडावीत तसा. आणि मग आभाळातून कापूस पडायला लागला. जळता कापूस. हे एवढाले पेटते बोळे, संथपणे खाली येणारे. एक बोळा धोतरावर पडला. पापड पेटले. शेजारच्या काकू ओरडल्या, "जपानी आले, जपानी आले!" बायका जिन्याकडे धावल्या. अठ्ठावीस मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. त्या हादऱ्यांची नोंद थेट सिमल्याच्या यंत्रावर झाली.

जिन्याचं निघालं म्हणून सांगतो. त्या दिवशी आमच्या चाळीतली माणसं वाचली, कारण जिना मोकळा होता. आज कुठल्याही इमारतीत जा. जिन्यात चपलांचं कपाट, सायकल, जुनी गादी, कुंड्या, गणपतीच्या मखराचं सामान. मी सोसायटीच्या प्रत्येक सभेत हे बोलतो आणि लोक कंटाळतात. कंटाळू देत. जिना मोकळा ठेवा. आणि बंब आला की मोबाइल वर धरून रस्त्यात उभे राहू नका, त्याला वाट द्या. त्या शुक्रवारी मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 66. दर वर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या आठवणीसाठी. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. नातवंडांना घेऊन जा एकदा.

शेकड्यांनी माणसं गेली. गोदीतली इतर जहाजं बुडाली, मांडवीकडची वखारी-घरं जळाली, धान्याची कोठारं जळाली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. आणि सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी नाही. मुंबईकरांच्या खिडक्यांना काचा उरल्या नव्हत्या, आणि वर्तमानपत्रात बातमी नाही! सोन्याच्या विटा उडून लांब लांबच्या घरांत पडल्याच्या गोष्टी सगळे सांगतात. एका पारशी गृहस्थांच्या घरात वीट पडली आणि त्यांनी ती परत केली, हे खरंच आहे. पण माझ्या मनात सोनं राहत नाही.

भाऊ घरी आले ते रविवारी सकाळी. सदरा नव्हता. भुवया जळल्या होत्या. आईने आधी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तिने एकच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

भाऊंनी मान हलवली. होतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मनाई होती."

त्यावर आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून भाऊ कामाला निघाले की ती दाराशी उभी राहायची आणि विचारायची, "आज काय?" भाऊ सांगायचे, आज खजूर. आज सिमेंट. आज गंधक. लढाई संपली, इंग्रज गेले, आम्ही भावंडं झालो, तरी ते चालूच. "आज काय?" "आज कागद." गंधक असलं की त्या दिवशी आई आम्हाला धक्क्याच्या बाजूला खेळायला सोडत नसे.

श्रोते हो, मी नोकरीत जे शिकलो ते सगळं या दोन शब्दांत होतं. जहाज कुठे आहे ते शत्रूला कळता कामा नये. पण जहाजात काय आहे ते धक्क्यावरच्या माणसाला कळलंच पाहिजे. पुन्हा सांगतो. कुठे आहे, ते झाका. काय आहे, ते सांगा. 1944 साली शत्रूपासून लपवता लपवता आपल्याच हमालापासून लपवलं गेलं. विडी ओढणाऱ्याला खाली काय आहे हे माहीतच नव्हतं. चौकशी आयोगालासुद्धा, कुणीतरी टाकलेली सिगारेट हेच सगळ्यांत संभवनीय कारण वाटलं.

पुढे नियम कडक झाले. आज धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत, स्फोटकं पहिल्या वर्गात. कशाशेजारी काय ठेवायचं नाही याचे तक्ते आहेत, प्रत्येक पेटीवर चौकोनी खूण असते. 2004 पासून जगभरच्या बंदरांना सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आपल्या कोळी बांधवांना ओळखपत्रं मिळाली. गस्तीवाले त्यांना तपासणीसाठी अडवतात, वेळ जातो, मासळी शिळी होते. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. नियम पाळणाऱ्याचा वेळ वाचवणं हेही बंदराचंच काम आहे.

एक विनंती मात्र घरच्यांना. तुमचा मुलगा, जावई तांबड्या समुद्राच्या वाटेवर असेल, तर त्याचं जहाज आज कुठे आहे ते गावच्या ग्रुपवर टाकू नका. पोचला की मग टाका. आणि तो घरी आला की त्याला विचारा, तुझ्या जहाजावर काय होतं, तुला नीट सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर त्याने विचारायला हवं. तो त्याचा हक्क आहे.

डिसेंबर 1971. पुन्हा लढाई. मुंबईभर ब्लॅकआऊट. आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता, मोटारींचे दिवे वरून अर्धे रंगवलेले. भाऊंच्या केसांत पांढरं आलं होतं. एका रात्री त्यांची पाळी लागली. कंदिलावर फडकं होतं, त्या उजेडात भाऊ वहाणा घालत होते. आई नेहमीसारखी दाराशी येऊन उभी राहिली.

"आज काय?"

भाऊ क्षणभर थांबले. म्हणाले, "आज विचारू नकोस."

आईने मान डोलावली. भाऊ जिना उतरून गेले. मग तिने मला उठवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून घरातल्या सगळ्या बादल्या, कळश्या, घंगाळ, अगदी पातेलीसुद्धा, पाण्याने भरून ठेवली.