टॉन्सिलजवळचा पू : गोळ्या बदलून काय होणार?

नमस्कार मंडळी! कमेंट्समध्ये एकच मागणी फिरून फिरून येतेय : "डॉक्टर, टॉन्सिलपाशी पू झालाय म्हणतात. तो सुईने काढायला नको, त्यापेक्षा एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक सांगा ना." म्हणून आज तेवढंच.

लक्षणं पटापट सांगतो. घसा एकाच बाजूला दुखतो, त्याच बाजूचा कान ठणकतो, ताप येतो, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा होतो, पडजीभ पलीकडे ढकलली जाते. आणि तोंड नीट उघडत नाही. साध्या टॉन्सिलच्या दुखण्यात असं सहसा होत नाही.

आता सुईचं. पू टॉन्सिलच्या आत नसतो, टॉन्सिलचं आवरण आणि त्यामागचा स्नायू यांच्या मधे साठतो. साठलेल्या पुवात रक्तपुरवठा नाही. गोळी रक्तातूनच जाणार, मग रक्त नाही तिथे औषध पोहोचणार कसं?

माझे एक पेशंट पिशवीभर गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आले. दर वेळी औषध बदललेलं, पू जागच्या जागी. स्प्रेने जागा बधिर केली. सुईचं टोपण कापून परत चढवलं, टोक सेंटीमीटरभरच बाहेर, कारण मेंदूकडे जाणारी मोठी धमनी तिथून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर असते. वरच्या बाजूला टोचलं, दट्ट्या ओढला, सिरिंज पिवळ्या पुवाने भरली. वासाचं विचारू नका! थोड्या वेळाने ते पाणी प्यायले. सुईने भागलं नाही तर छोटा छेद देतो.

"मला तर गोळ्यांनीच बरं वाटलं," असंही कुणीतरी लिहिलंय. असेल. नुसती सूज असेल किंवा पू अगदी थोडा असेल, तर औषधावर भागतं. पण ते तपासून ठरतं, कमेंट वाचून नाही. साठलेला पू बाहेरच काढावा लागतो, कितीही महागडी गोळी घ्या. अँटिबायोटिक लागतंच, पण त्याच्या जोडीला. कोर्स बहुधा 10 ते 14 दिवसांचा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि पू घरीच चमच्याच्या दांड्याने फोडतो असं कमेंटमध्ये लिहिणारे ते महाशय! धमनीचं आत्ताच सांगितलं ना? शिवाय पू श्वासनलिकेत गेला म्हणजे?

टॉन्सिल काढायचे का, हेही विचारताय. प्रत्येकाला नाही, वारंवार होत असेल तर विचार करतो, त्यावर वेगळा व्हिडिओ करू. पण आत्ता लाळही गिळवत नसेल, श्वास घेताना घरघर होत असेल किंवा मान सुजली असेल, तर हा व्हिडिओ इथेच थांबवा आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.